“यांचं एनओसी कुठंय?”

इटलीहून येऊन बरेच दिवस झाले, फोटो सगळ्यांना दाखवून झाले, पण व्हिसा सेंटरचं ते काउंटर आठवलं की अजून डोकं फिरतं. एकट्यानं परदेशी निघालेल्या बायकांनी हे वाचूनच जावं.

माझी फाइल चोख होती. पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, सगळं क्रमानं लावलेलं. काउंटरवरच्या मुलानं ती भराभर चाळली, पासपोर्टचं शेवटचं पान उघडलं आणि आईवडिलांच्या खाली छापलेल्या नवऱ्याच्या नावावर पेन टेकवून म्हणाला, “मॅडम, यांचं एनओसी कुठंय?” म्हणजे नवऱ्याचं ना-हरकत पत्र.

म्हटलं, यादीत दाखवा. त्याच्याच छापील यादीत ते नव्हतं. “सगळ्या लेडीज देतात, मॅडम. आणलंत तर तुमचंच काम सोपं होईल.” फाइल बाजूला, मी खुर्चीवर. माझ्यामागून आलेला एक गृहस्थ एकटाच युरोपला निघालेला. त्याचा अर्ज घेतलासुद्धा. बायकोचं पत्र त्याला कुणी विचारलं नाही. नवऱ्याला फोन केला असता तर त्यानं लगेच सही करून पाठवलं असतं. पण माझ्या पगारातून मी निघालेय, त्याची परवानगी का दाखवू? आणि जिचा नवरा सही देणारच नाही, जिचं वेगळं व्हायचं चाललंय, तिनं काय करायचं?

शेंगेन म्हणजे इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. त्याच्या नियमांत संमती लागते ती अल्पवयीन मुलांसाठी, पालकांची. सज्ञान बाईला नवऱ्याची नाही. शिवाय सेंटर फक्त कागद गोळा करतं, निर्णय वकिलातीचा असतो. त्यामुळे अडवलं तर आवाज न चढवता म्हणायचं, “आहे तसा अर्ज घ्या.” मग ते ‘अमुक कागद जोडलेला नाही’ अशा मजकुरावर सही मागतात. बिनधास्त करा. मी सुपरवायझरला बोलवायला लावलं, सही केली आणि शेजारी लिहिलं, ‘यादीत मागितलेला नाही.’ व्हिसा आला, एकही प्रश्न न येता. तो स्टिकर मी अख्ख्या ऑफिसला दाखवला.

नावाचं राहिलंच. पासपोर्टवर आपल्या नावापुढे नवऱ्याचं नाव असेल तर तिकिटावरही तसंच हवं. बँकेत माहेरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. विमा किमान 30,000 युरोचा लागतो. व्हिसाची फी 90 युरो, सेंटरचे पैसे वेगळे, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून देता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर अपॉइंटमेंटसाठी तेव्हापासूनच मागे लागा.

रोमच्या टर्मिनी स्टेशनवर पर्स पोटाशी धरा. तिकीट मशीनपाशी कुणी आपणहून मदतीला आलं तर सरळ ‘नो’ म्हणा. तिथल्या रिजनल गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर दंड बसतो. पहिल्या मुक्कामी दिवसाउजेडी पोचेल असंच विमान निवडा, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि 112 हा नंबर पाठच करा, युरोपीय संघात कुठेही अडचणीला तोच लावायचा.