ट्यूबखाली एक्स्पोजर का डगमगतं: चाचणीच्या नोंदी

तक्रार ठरलेली असते. मंगल कार्यालयात किंवा गणपतीच्या मखरासमोर कॅमेरा तोच, लेन्स तीच, दिवेही तेच. तरी लागोपाठ काढलेल्या दहा फोटोंत तीन काळपट आणि दोन पिवळट निघतात. दोष मीटरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या भागावर जातो आणि कॅमेरा दुरुस्तीला. मीटरचं वाचन डगमगतंय की सेन्सरवर पडणारा प्रकाशच कमीजास्त होतोय, हे आधी वेगळं काढायचं, एवढ्यासाठी ही चाचणी. या दोन्ही बिघाडांचे उपाय वेगवेगळे आहेत. दिवाच लुकलुकत असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करण्याचं सेटिंग) कितीही फिरवा, हाती काही लागत नाही.

मांडणी

ट्रायपॉडवर कॅमेरा, समोर १८ टक्क्यांचं ग्रे कार्ड (तेवढा प्रकाश परत फेकणारं राखाडी कार्ड), कार्डानं फ्रेम पूर्ण भरलेली. कार्डाचा पोत आड येऊ नये म्हणून फोकस मॅन्युअल ठेवून थोडा हलवलेला. मोड मॅन्युअल, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता आपोआप ठरवणं) बंद, व्हाइट बॅलन्स ठरावीक केल्व्हिनवर, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली). सावल्या आपोआप उजळणारी सगळी सेटिंगं बंद. सुरुवातीला ॲपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं, म्हणजे ब्लेड बंद होण्यातला फरक मोजणीत शिरत नाही. दिवे लावल्यावर निदान १५ मिनिटं थांबायचं, कारण सीएफएल आणि जुन्या ट्यूबचा उजेड सुरुवातीला चढत जातो आणि एलईडीचा तापल्यावर जरा उतरतो.

मग १/५०, १/१००, १/१२५, १/२५० आणि १/१००० या प्रत्येक शटर स्पीडला २० फ्रेम. आयएसओ वरखाली करून उजेड मधल्या पातळीवर आणायचा. प्रत्येक फ्रेमच्या मधल्या भागाची सरासरी काढायची आणि सर्वांत उजळ व सर्वांत गडद फ्रेममधला फरक स्टॉपमध्ये लिहायचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा).

इथे एक चूक हमखास होते. २० फ्रेम बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग) काढू नयेत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, दर १० मिलिसेकंदांनी एकदा. कॅमेरा नेमका सेकंदाला १० फ्रेम काढत असेल तर दोन फ्रेममध्ये १०० मिलिसेकंद, म्हणजे बरोबर दहा आवर्तनं जातात. प्रत्येक फ्रेम आवर्तनाच्या जवळपास त्याच जागी पडते आणि दिवा निर्दोष वाटतो. सेकंदाला ८ फ्रेम असतील तर मधे साडेबारा आवर्तनं जातात आणि फोटो आळीपाळीनं उजळ-काळे येतात. म्हणून केबल रिलीझ हाताने, मुद्दाम अनियमित अंतरानं दाबायचा.

दिव्याला हात लावण्याआधी हाच क्रम खिडकीच्या उजेडात, ढग सरकत नसताना, एकदा चालवायचा. तिथेही फरक पडला तर शटर संशयित. फरक फक्त एफ/८ किंवा त्याहून लहान छिद्राला पडला तर ॲपर्चरची ब्लेडं वेळेवर बंद होत नाहीत, आणि जुन्या लेन्समध्ये ब्लेडांवर उतरलेलं तेल हे त्याचं नेहमीचं कारण. ही पायरी गाळली की पुढची सगळी मोजणी फुकट जाते.

आकडे काय सांगतात

दिवा आवर्तनात पूर्ण विझून पुन्हा पेटतो असं धरलं, तर उजळ आणि गडद फ्रेममधला जास्तीत जास्त फरक हिशोबानं असा येतो. १/५० आणि १/१०० ला शून्य. १/६० ला साधारण अर्धा स्टॉप. १/१२५ ला ०.७ स्टॉप. १/२०० ला २.२ स्टॉप. १/२५० ला जवळजवळ ३ स्टॉप. दिवा निम्माच लुकलुकत असेल तर १/१२५ ला तिसरा हिस्सा स्टॉप आणि १/२५० ला एक स्टॉपहून थोडा जास्त.

या यादीतला सर्वांत फसवा आकडा १/१२५ चा. १/१०० आणि १/१२५ शेजारी-शेजारी असतात, म्हणून फार फरक पडणार नाही असं वाटतं. पण १/१०० मध्ये पूर्ण एक आवर्तन सामावतं आणि १/१२५ मध्ये त्याचा पाचवा भाग बाहेर राहतो. तो उजळ भाग होता की गडद, हे शटर कोणत्या क्षणी उघडलं त्यावर ठरतं. १/५०, १/२५ हे वेगही पूर्ण आवर्तनांचे, म्हणून तेही सुरक्षित. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, आवर्तनं १२०, त्यामुळे तिथल्या वाचकांनी १/६० आणि १/१२५ धरावेत. इथून तिकडे नेलेल्या कॅमेऱ्याचं फ्लिकरचं (लुकलुकीचं) सेटिंग ५० वरून ६० करायला विसरू नये.

मीटर की दिवा

आता ॲपर्चर प्रायॉरिटी, म्हणजे ॲपर्चर आपण ठरवायचं आणि शटर स्पीड कॅमेऱ्यानं. त्याच कार्डाचे २० फोटो, आणि प्रत्येकाची माहिती उघडून शटर स्पीड पाहायचा. आकडा सगळीकडे तोच पण उजेड वेगळा, तर मीटर ठीक आहे आणि दिवा लुकलुकतोय. आकडा १/८०, १/१२५, १/१०० असा नाचतोय आणि उजेडही त्याच्या मागोमाग कमीजास्त होतोय, तर वाचन डगमगतंय. मीटर एका आवर्तनाहून कमी वेळ प्रकाश मोजत असेल तर तोही लुकलुकीला बळी पडतो, आणि मग दोन्ही दोष एकत्र दिसतात. अशा वेळी फ्रेमची सरासरी शटर स्पीडच्या फरकाने दुरुस्त करून पाहावी. दुरुस्तीनंतर उरतो तो फरक दिव्याचा.

दिव्याखाली मीटर चुकण्याची इतरही कारणं सापडतात. डीएसएलआर ट्रायपॉडवर असताना डोळा व्ह्यूफाइंडरला नसतो आणि पाठीमागच्या ट्यूबचा उजेड तिथून आत शिरून मीटरवर पडतो, परिणामी फोटो गडद येतो. पट्ट्याला अडकवलेलं रबरी झाकण किंवा काळा कपडा लावला की हा दोष जातो. मखरातली एलईडीची माळ फ्रेममध्ये असेल तर मॅट्रिक्स मीटरिंग (पूर्ण फ्रेम मोजणारं) फोकस-बिंदू हलला की वेगळं वजन देतं. तिथे मूर्तीच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरनं (फक्त छोटा ठिपका मोजणाऱ्या) एकदा मोजून मॅन्युअलवर जाणं उत्तम. निळ्या किंवा लाल एलईडीखाली एकत्र हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) ठीक दिसतो आणि एकच रंग फुटलेला, म्हणजे तपशील जाण्याइतका उजळ असतो, म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे पाहावेत.

फिल्म कॅमेऱ्याची बात निराळी. अनेक जुन्या मीटरची रचना १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी होती. त्यात १.५ व्होल्टचा अल्कलाइन बटण-सेल बसवला की ज्या कॅमेऱ्यांत व्होल्टेज समतोल करणारं सर्किट नाही, तिथे वाचन सरकतं. कॅडमियम सल्फाइडचा प्रकाश मोजणारा सेल आळशी असतो: तेजस्वी बल्बकडे पाहून लगेच अंधाऱ्या कोपऱ्याकडे वळवला तर काही क्षण खोटं सांगतो. पण हाच आळशीपणा लुकलुकीत उपयोगी पडतो, तो आपसूक सरासरी काढतो.

दिवे ओळखणं

चोक-स्टार्टरची ट्यूब १०० हर्ट्झनं ठळक लुकलुकते आणि रंगही बदलते. आतल्या फॉस्फरांपैकी (चमकणाऱ्या लेपांपैकी) निळा पटकन विझतो, हिरवा आणि लाल थोडे रेंगाळतात, म्हणून गडद फ्रेम पिवळट दिसतात. इलेक्ट्रॉनिक चोक हजारो हर्ट्झवर चालतो, तिथे त्रास नगण्य. एलईडीत सगळा भरवसा ड्रायव्हरवर (वीज पुरवणाऱ्या सर्किटवर): चांगला कपॅसिटर असला तर प्रकाश सपाट, नसला किंवा सुकला तर जुन्या ट्यूबइतकाच वाईट. एकाच पट्टीवरच्या चार बल्बांपैकी एकच खराब असू शकतो. फिलामेंटचा बल्ब फारसा लुकलुकत नाही, मात्र व्होल्टेज १० टक्के पडलं तर त्याचा उजेड अर्ध्या स्टॉपने उतरतो. कार्यालयातला एसी चालू होताना दिसणारा काळपटपणा बहुधा हाच.

घरगुती परीक्षा सोपी आहे. फोनवर २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ थेट बल्बाचा घ्यावा. १०० हर्ट्झची लुकलुक त्यात स्पष्ट दिसते. दुसरी रीत: बागेतल्या सौर दिव्यातलं छोटं पॅनेल काढून त्याची तार साउंड कार्डाच्या लाइन-इनला जोडायची आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम (कोणती वारंवारता किती जोरात, याचा आलेख) पाहायचा. १०० हर्ट्झला उंच सुळका आला तर ड्रायव्हर मुख्य विजेची लाट पार करतोय. हजार हर्ट्झच्या वर सुळका असेल तर डिमर दिवा चालू-बंद करून उजेड कमी करतोय, आणि त्याला १/१०० चं औषध लागू पडतंच असं नाही. तिथे डिमर पूर्ण उघडून आयएसओ उतरवणं हा खात्रीचा मार्ग.

इलेक्ट्रॉनिक शटर

मिररलेस कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं की सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो. वाचायला ३० मिलिसेकंद लागत असतील तर १०० हर्ट्झच्या दिव्याखाली फ्रेमवर आडवे तीन पट्टे पडतात, म्हणजे पट्ट्यांवरून वारंवारता उलट काढता येते. यांत्रिक शटरचा पडदा काही मिलिसेकंदांत फ्रेम ओलांडतो, त्यामुळे पट्ट्यांऐवजी एक बाजू गडद होत जाते. व्हिन्येटिंग (लेन्समुळे कोपरे गडद होणं) समजून लेन्स बदलणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

अँटी-फ्लिकर ही सोय कॅननच्या सेव्हन-डी मार्क टूमध्ये २०१४ साली आली आणि नंतर इतरांनीही दिली. कॅमेरा दिव्याच्या सर्वांत उजळ क्षणाची वाट पाहून शटर उघडतो. बर्स्टचा वेग त्यामुळे पडतो, ही किंमत मोजायची तयारी हवी. पूर्ण लुकलुकणाऱ्या दिव्याखाली १/२५० ला शिखरावरचा प्रकाश सरासरीपेक्षा ०.८ स्टॉपने जास्त असतो. म्हणून सरासरी मोजून मॅन्युअल लावलं असेल तर ही सोय चालू केल्यावर पुन्हा मोजावं.

उरलेलं काम

तीन फेजची वीज असलेल्या सभागृहात दिवे तिन्ही फेजवर सारखे वाटले तर लुकलुकींच्या लाटा एकमेकींना मारतात. हे हिशोबात चोख बसतं, पण प्रत्येक फेजचा दिवा कार्डावर सारखाच उजेड टाकेल तरच. कार्ड एका दिव्याच्या जवळ सरकवलं की त्याची लाट वर येते. पुढच्या फेरीत कार्ड तीन ट्यूबच्या मधोमध ठेवून, मग दर अर्ध्या मीटरला सरकवत १/२५० वर २० फ्रेमची मोजणी करायची आहे. सोबत जनरेटरवरही एकदा, कारण त्याची वारंवारता ५२ हर्ट्झपर्यंत चढली तरी १/१०० ला हिशोबाने फरक ०.१ स्टॉपच्या आसपासच यायला हवा, आणि तो कार्डावर खरंच तेवढाच येतो का हे तपासायचं आहे.