अजून किती मणी?

"अजून किती मणी?" तिसऱ्या दशकातच (दहा मण्यांच्या टप्प्यात) आवाज आला. शेजारच्या बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) तेर्स, म्हणजे ख्रिस्ती घरातली जपमाळेची प्रार्थना, चालला होता आणि चारेक वर्षांचं पोर आजीच्या हातातली माळ मोजत होतं.

प्रश्न उद्धट नाही, हिशेबी आहे. पाच दशकं, दर दशकात 10 नमान मोरिये (मारियेला वंदन करणारी छोटी प्रार्थना), सुरुवातीचे 3 धरून 53. साधारण 20 मिनिटं, लदाइन (मारियेच्या नावांची आळवणी) वेगळीच. एवढा वेळ या वयाचं मूल गुडघ्यांवर टिकत नाही. दटावलं तर तेर्स म्हणजे शिक्षा, एवढंच डोक्यात बसतं.

त्यापेक्षा एकच दशक त्याचं. अर्धी प्रार्थना त्याने म्हणायची, उरलेली मोठ्यांनी. मणी लाकडी, जाड दोऱ्यात गाठ मारून ओवलेले. तारेची कडी ओढाताणीत उघडते नि मणी सोफ्याखाली. (तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती माळ नकोच, मणी थेट तोंडात!) वेळ जेवणाआधीची, आंजेलूसची (संध्याकाळच्या प्रार्थनेची) घंटा झाली की लगेच. जेवणानंतर नुसती पेंग.

बेसांव (तेर्सानंतर मागायचा मोठ्यांचा आशीर्वाद) मागायला मात्र ते पोर चौथ्या दशकातच उठलं. आजी हसत म्हणाली, "रे, तेर्स सोंपूंक ना अजून!" पण हात डोक्यावर ठेवलाच.

तुमच्याकडे कितव्या दशकाला पेंग येते?