तुम्ही विचारलंत म्हणून : नग महाग पडतो, तरी डिजिटल कशासाठी?

आमच्या सिंधुदुर्गातील छापखान्यात कोकम सरबत, आंबापोळी किंवा काजूगर विकणारे लघुउद्योजक लेबलांची चौकशी करायला येतात, तेव्हा बहुतेकांचा प्रश्न ठरलेला असतो: ऑफसेटवर लेबल इतके स्वस्त पडत असताना तुम्ही डिजिटल छपाई कशासाठी सुचवता?

ऑफसेटवर रंगीत कामासाठी निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या चार प्लेटा, म्हणजे मजकूर-चित्र उमटवलेले धातूचे पत्रे, कराव्या लागतात आणि त्यांचे रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत बरेच कागद रद्दीत जातात. हा खर्च शंभर लेबलांना जेवढा, तेवढाच दहा हजारांना येत असल्यामुळे गिऱ्हाईक नाइलाजाने गरजेपेक्षा जास्त छापून घेते. डिजिटलला प्लेटच लागत नाही; संगणकातली फाइल थेट छापली जाते. समजा, रुपयाला एक या दराने ५,००० लेबले घेतली आणि हंगामात १,२००च खपली, तर वापरलेले प्रत्येक लेबल चार रुपयांच्या वर गेले; मग डिजिटलचे तीन रुपये महाग कसे म्हणायचे?

उरलेली पुढच्या वर्षी वापरू, असे म्हणणाऱ्याने आपल्याकडचा आषाढ आठवावा. दमट हवेत गठ्ठ्यांच्या कडा वळतात, कागदावर बुरशीचे ठिपके येतात. बरे, लेबले कोरडी राहिली तरी त्यांवरचा मजकूर चालेलच असे नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी जॅमवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि जुनी किंमत छापलेल्या लेबलांवर नव्या किमतीचे स्टिकर लावत बसण्याची वेळ अनेकांवर आली. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी परवाना क्रमांक तोच राहिला, तरी बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख बदलतच असते. डिजिटल यंत्रावर प्रत्येक प्रतीचा मजकूर वेगळा ठेवता येत असल्याने ही माहिती लेबलासोबतच छापून निघते आणि चिकट बाटलीवर फिसकटणारा रबरी शिक्का मारावा लागत नाही.

मात्र वर्षभर मजकूर न बदलणारी वीस-पंचवीस हजार आंब्याची खोकी हवी असतील, तर ती मी स्वतःच ऑफसेटला पाठवतो. आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या, बाटलीसाठी साधे कागदी लेबल घेऊ नये, न फाटणारे प्लास्टिकचे घ्यावे. आधी पन्नासच नग छापून, बाटलीला चिकटवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावेत, सकाळी ओल्या हाताने चोळून पाहावेत आणि मगच पुढची ऑर्डर द्यावी.