जिप्सी बेळगावला, अर्टिगा घरी

आमची मारुतीची जिप्सी विकायचं ठरवलं ते गाडी बिघडली म्हणून नाही. २००४ चं मॉडेल, एमएच-११ म्हणजे साताऱ्याचं पासिंग, पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरणही रीतसर झालेलं, इंजिन खणखणीत. विकली ती आईमुळे. "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी," असं ती म्हणायला लागली आणि गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तर तिने बाहेर जायचा विषयच सोडला. जिप्सीची पायरी उंच. पुढे-मागे दोन्हीकडे पाटे (लीफ स्प्रिंग), त्यामुळे खड्डा थेट कण्याला लागतो. मागे समोरासमोरची बाकडी. त्यांवर दोन्ही मुली आडव्या बसणार आणि त्यांना खांद्यावरून येणारा पट्टा नाही. अप्पा, आई, आम्ही दोघं आणि मुली, असे सहा जण एका गाडीत नीट बसून निघालोच नव्हतो.

तरी जीव होता त्या गाडीवर. पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट चढून कास, तिथून खाली बामणोलीला शिवसागराच्या काठापर्यंत. धुक्यात दहा हातांवरचं दिसत नाही आणि तेराशे सीसीचं ते इंजिन शांतपणे चढत राहतं. जावळीतल्या शेतावरच्या चिखलात फोर-लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर, टाकला की कधी अडकायची भीती वाटली नाही. १९८५ पासून ही गाडी भारतात मिळत होती, सैन्याने वर्षानुवर्षं वापरली आणि २०१९ मध्ये ती बनायची बंद झाली. म्हणजे एकदा दिली की शोरूममधून पुन्हा आणता येणार नाही. निर्णयाला वेळ लागला तो यामुळेच.

नवी गाडी निवडताना आम्ही एकच नियम केला: आईने बसून-उतरून पाहिल्याशिवाय किमतीचं बोलायचं नाही. शोरूममधली मुलं बिचारी स्क्रीन, कॅमेरा, सनरूफ दाखवायला लागायची. आम्ही आईला दुसऱ्या रांगेत डावीकडे बसवायचो. गुडघा किती वाकवावा लागतो, उतरताना हात कुठे धरता येतो, एवढंच बघायचं. टेस्ट ड्राइव्हही सहा जण बसवून आणि घाटातच घ्यायची. रिकाम्या गाडीत हायवेला सगळ्याच गाड्या छान पळतात. यवतेश्वरच्या चढाच्या वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी काय करते, ते खरं. एका गाडीचं इंजिन तिथे इतकं दमलं की अप्पाच म्हणाले, "ही नको रे."

शेवटी मारुतीची तीन रांगांची अर्टिगा ठरली. तिच्या तिसऱ्या रांगेची अर्धी अर्धी पाठ वेगळी पाडता येते. आमच्यासारख्या सहा जणांना हे फार सोयीचं: मागे थोरली एकटी बसते, शेजारची अर्धी बाजू पाडून बॅगा. सीएनजी घ्यावी का, यावर घरात बरीच चर्चा झाली. खर्च कमी, रोड टॅक्सही पेट्रोलपेक्षा कमी. पण साठ लिटरची टाकी डिकी खाते, ताकद साधारण १०२ वरून ८७ हॉर्सपॉवरवर येते आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी. रोज लांबचा प्रवास असता तर मीही सीएनजीच घेतली असती. आमचं फिरणं घाटातलं आणि सामानासकट, म्हणून पेट्रोल.

हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांना १८ टक्के जीएसटी झाला, पण तो चार मीटरच्या आत आणि १२०० सीसीपर्यंत. अर्टिगा लांबीनेही मोठी आणि १४६२ सीसीची, म्हणून तिला ४० टक्के.

दुसरी गोष्ट विम्याची. जुन्या गाडीवर क्लेम न घेता जमलेला नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. माझा ५० टक्क्यांपर्यंत गेलेला होता. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीवर नाही. पत्र तीन वर्षं चालतं. डीलरच्या पहिल्या कोटेशनमध्ये तो धरलेला नव्हता. मागितल्यावर लगेच धरला.

सगळ्यात जास्त वेळ गेला जुनी गाडी नावावरून काढण्यात. एक्सचेंजमध्ये मिळणारी रक्कम ऐकून तो मार्ग सोडला आणि बेळगावचा एक मुलगा मिळाला. डोंगरात फिरणारा, आल्या आल्या बॉनेट न उघडता गाडीखाली झोपून चॅसिस बघणारा. तिथेच मी मनात होकार दिला. पण गाडी दुसऱ्या राज्यात जायची, म्हणून आरटीओची एनओसी (ना हरकत), म्हणजे फॉर्म २८, हवी. त्यावर चॅसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. त्याआधी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, बसलेली हवी, ई-चलन बाकी नको.

आणि बोजा, म्हणजे आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद. कर्ज कधीच फिटलं होतं, बँकेचं पत्रही होतं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच. दरम्यान ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली, जुनं पत्र मुदतीबाहेर गेलेलं, आणि जुन्या फायली कुठे आहेत ते नव्या शाखेत कुणाला सांगता येईना. तिथल्या एका मॅडमनी मनावर घेऊन खातं शोधलं, नवं पत्र आणि बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का दिला, तेव्हा पुढचं सगळं हललं. ज्यांचं कर्ज फिटलंय त्यांनी हे काम आजच करून घ्यावं, गाडी विकायची असो वा नसो.

मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या, पैसे खात्यात आले, तरी ताबा देताना तारीख आणि वेळ घालून दोघांच्या सहीची पावती केली. त्याच्या आधार कार्डाची प्रतही घेतली. नोंद ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक, अपघाताची भरपाईही त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे कोऱ्या फॉर्मवर सह्या करून एजंटच्या हाती गाडी सोपवायला मी तयार नव्हतो.

कर्नाटकातला टॅक्स भरून त्याचं केए-२२, म्हणजे बेळगावचं, पासिंग झालं आणि नव्या आरसीचा फोटो आला, तेव्हा मी निर्धास्त झालो. त्या आठवड्यात आई स्वतःहून म्हणाली, "औंधला यमाईला जाऊ या." सहाही जण गेलो. बेळगावचा मुलगा अधूनमधून फोन करतो. परवा पाट्यांबद्दल विचारत होता, तर गोडोलीतल्या आमच्या मिस्त्रींशी त्याचं बोलणं करून दिलं.