फेब्रुवारीत जाऊ नका: व्हिक्टोरियातले गोठे, अकरा दिवस आणि न घेतलेली फी

"फी? कसली फी?"

गोठ्याच्या मालकाने हातातला मग टेबलावर ठेवला आणि आमच्या तोंडाकडे बघत बसला. आम्ही चौदा जण, ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात गोठे बघायला आलेले. माणशी दीडशे डॉलर 'फार्म प्रवेश शुल्क', असे चार फार्म, म्हणजे माणशी सहाशे डॉलर आम्ही पुण्यातच मोजून आलो होतो. त्या वेळच्या दराने तेहतीस हजार रुपये. चौदा जणांचे किती, ते तुम्हीच काढा. मालक म्हणाला, मी कुणाकडे एक सेंट मागितला नाही, उलट बायकोने तुमच्यासाठी स्कोन भाजलेत. आमच्यातल्या एकाचा मुलगा मेलबर्नला शिकतो, तो दुभाषा म्हणून आला होता. हे वाक्य मराठीत सांगताना त्याचाच आवाज बारीक झाला. आमचे आयोजक तेवढ्यात फोन आला म्हणून बाहेर गेले, ते स्कोन संपेपर्यंत आत आले नाहीत.

म्हणून पहिला सल्ला आधीच देऊन टाकतो. कुठल्याही 'डेअरी अभ्यास दौऱ्या'च्या पत्रकात प्रवेश शुल्क दिसलं तर त्या फार्मचं नाव मागा आणि थेट मेल करून विचारा. तिकडचे लोक उत्तर देतात. मी घरी आल्यावर दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून उत्तर आलं.

माझा गोठा फलटणकडचा. पंचेचाळीस गाई, सगळ्या एचएफ क्रॉस, म्हणजे होल्स्टीनच्या संकरित, मुक्त संचार, म्हणजे न बांधता मोकळ्या, मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, घरचा. 2024 साली गाईच्या दुधाचा दर पडला तेव्हा अनुदानाच्या फॉर्मवर टॅग नंबर भरून भरून बोटं दुखली होती. अशा वेळी 'ऑस्ट्रेलियन डेअरी: वाढता बाजार, अमाप संधी' असं पत्रक हातात पडलं, वर हिरव्यागार कुरणात काळ्यापांढऱ्या गाई. माणशी चार लाख दहा हजार. गेलो.

पत्रकावरचा फोटो ऑक्टोबरचा होता. आम्हाला नेलं 2025 च्या फेब्रुवारीत. तिकडे दुधाचं वर्ष जुलै ते जून धरतात आणि दूध सगळ्यात जास्त येतं ते ऑक्टोबरच्या सुमारास, कारण बहुतेक गाई थंडी सरताना, वसंताच्या तोंडावर वितात, म्हणजे पुढचं गवत थेट दुधात उतरतं. फेब्रुवारी म्हणजे गवत वाळलेलं, गाई वेताच्या उत्तरार्धात. त्यात त्या वर्षी नैऋत्य व्हिक्टोरियात दुष्काळ. वॉरनंबूलच्या रस्त्याला हिरवा रंग दिसला तो फक्त गवताच्या गठ्ठ्यांवर बांधलेल्या प्लॅस्टिकचा. गठ्ठे लादलेले ट्रक एकामागून एक. दुष्काळ बघायला चार लाख कशाला घालायचे, आमचा माण तालुका शेजारीच आहे.

आता विमानतळ. उतरताना जे कार्ड भरता, त्यात विचारतात की गेल्या तीस दिवसांत शेतावर किंवा जनावरांच्या संपर्कात होता का. खरं लिहा. आपल्याकडे लाळ्या खुरकूत हा जनावरांचा साथीचा रोग आहे, त्यांच्याकडे नाही, आणि 2022 साली इंडोनेशियात ती पसरल्यापासून हे लोक फार सावध झाले आहेत. आमच्या चपला-बूट घेऊन गेले, धुऊन परत दिले, ओरडले नाहीत. आमच्यातल्या तात्यांचे कंदी पेढे मात्र काढून घेतले. दाखवले होते म्हणून दंड नाही. दुधाची कुठलीही मिठाई नेऊ नका, देवाचा प्रसाद असला तरी.

यापुढची गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. अशा देशातून आलेल्या माणसाने सात दिवस तिथल्या जनावरांजवळ जाऊ नये, असं सांगितलं जातं. आमच्या कार्यक्रमात दुसऱ्याच दिवशी फार्म. वॉरनंबूलजवळच्या त्या माणसाने फाटकातच विचारलं, कधी उतरलात? काल म्हटल्यावर त्याने हात जोडले नाहीत एवढंच. आम्ही रस्त्यावर उभे, तो कुंपणाच्या आत, गाई दोनशे मीटरवर. असा पहिला फार्म 'पाहून' झाला. दीडशे डॉलर. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. राग त्याच्यावर नाही. फार्म ठरवायचे तर आठव्या दिवसापासून ठरवा, आधीचा आठवडा कारखाने, बाजार, दुकानं बघण्यात घाला. आणि स्वतःचे गमबूट नेऊ नका. मी तिकडेच पंचवीस डॉलरला घेतले आणि येताना तिथेच देऊन आलो.

मधले दिवस समुद्र, पेंग्विन वगैरे. छान आहे. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय.

खरा जीव गेला तो वॉरनंबूलहून उत्तरेला इचूकाकडे जाताना. चारशे किलोमीटर, चौदा माणसं आणि सामान बारा सीटच्या दोन गाड्यांत, त्यातल्या एकीचा एसी बंद. ती माझी. बाहेर एक्केचाळीस डिग्री. आणि माश्या. आपल्याकडच्या माश्या ताटावर बसतात, ह्या डोळ्यांत आणि नाकपुडीत पाणी शोधतात. थांबलो की तोंडावर टॉवेल. ज्यांचे गुडघे धड आहेत, पाठ धड आहे, त्यांनीच हा टप्पा करावा, पण करावा. तो टाळून जे लोक फक्त दक्षिणेचं गिप्सलँड बघून येतात, त्यांना तिथला धंदा कळलाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. (गिप्सलँडला आमचे दोन दिवस सुखाचे गेले. त्यावर सांगण्यासारखं काही नाही.)

इचूका ते कायाब्राम, टोंगाला, रोचेस्टर हा सगळा पाटपाण्याचा भाग. मरे आणि गोलबर्न नद्यांचं पाणी. पाट दिसतात, कुंपणं दिसतात, आणि दर चार-पाच किलोमीटरला एक रिकामा दूध काढायचा शेड. पत्रा उडालेला, आत गवत. मी मोजत होतो, सतराच्या पुढे सोडून दिलं. एका चालू फार्मवरच्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हे सगळे पाणी विकून गेले.

तिकडे 2007 पासून जमीन वेगळी आणि पाण्याचा हक्क वेगळा. पाण्याचा बाजार भरतो, मेगालिटरवर, म्हणजे दहा लाख लिटरवर, भाव निघतो. 2012 च्या मरे-डार्लिंग नदीखोऱ्याच्या योजनेत सरकारने नदीसाठी म्हणून हक्क विकत घेतले, आणि खालच्या अंगाला बदामाच्या बागा वाढल्या. 2019 च्या दुष्काळात भाव मेगालिटरला पाचशे डॉलरच्या वर गेला. त्या भावात गवत भिजवून दूध काढण्यापेक्षा पाणी विकून घरी बसणं परवडलं. आपल्याकडे पाणी ऊस पितो, तिकडे बदाम. पाणी पिणारं पीक बदललं तरी गाईवाल्याची जागा तीच.

त्याच म्हाताऱ्याने 2016 चं सांगितलं. मरे गोलबर्न ही तिथली सगळ्यात मोठी सहकारी संस्था, शेतकऱ्यांची. किलोला (दुधाच्या नव्हे, त्यातल्या फॅट-प्रोटीनच्या, ते पुढे सांगतो) 5.60 डॉलर सांगून वर्ष सुरू केलं आणि एप्रिलमध्ये, वर्ष संपायला दोन महिने राहिले असताना, दर पाच डॉलर किंवा त्याच्याही खाली आणला. वर आधी दिलेल्या जादा पैशांची वसुली पुढच्या दुधातून. लोक एका रात्रीत देणेकरी झाले. शेतकऱ्यांनी दूध दुसरीकडे नेलं, आणि 2018 साली ती संस्था कॅनडाच्या सापुटो कंपनीला विकली गेली. तात्या पंधरा वर्षं आमच्या दूध संघाचे संचालक होते. ते एवढंच म्हणाले, "आपलंच गाव बघायला इतक्या लांब आलो काय रं?"

पण पुढे जे झालं ते आपल्याकडे झालेलं नाही. 1 जानेवारी 2020 पासून तिथे डेअरीची आचारसंहिता आहे, सक्तीची. दूध घेणाऱ्या कंपनीने दरवर्षी 1 जूनला दुपारी दोनपर्यंत आपल्या वेबसाइटवर करार टाकायचा, त्यात किमान दर लिहायचा, आणि दिलेल्या दुधाचा दर मागाहून कापायचा नाही. त्या फार्मवरच्या पोराने फोनवर तीन कंपन्यांचे करार शेजारीशेजारी उघडून दाखवले. मी तिथेच बसलो. एसी, माश्या, दीडशे डॉलर, सगळं विसरलो. दौऱ्याचा हा एक तास मला चार लाखांचा वाटला, आणि खरं म्हणजे हे करार कुणालाही घरी बसून फुकट वाचता येतात.

दर कसा लावतात तेही समजून घ्या, नाहीतर आमच्यासारखे फसाल. आयोजक सांगत होते, "तिथे आठ डॉलर दर आहे!" आठ डॉलर लिटरला नाही. फॅट आणि प्रोटीन मिळून जे घन निघतं त्याच्या किलोला. 4.1 फॅट, 3.4 प्रोटीन असेल तर लिटरमागे साधारण 77 ग्रॅम, म्हणजे 62 सेंट. आमच्या त्या दिवसांच्या हिशेबाने 34 रुपये. जुलै 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारने 3.5 फॅट, 8.5 एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन) ठरवलेला दर किती होता? चौतीस. फरक एवढाच की तो त्यांना मिळतो. शिवाय आम्ही गेलो तेव्हा तिथल्या कामगाराची कमीत कमी मजुरी तासाला 24.10 डॉलर होती, म्हणजे तेराशे रुपयांच्या वर. दुकानात तेच दूध तेव्हा लिटरला दीड डॉलरच्या आसपास होतं. 2011 ते 2019 एका डॉलरला विकत होते, सुपरमार्केटांची आपसातली चुरस. त्यामुळे मजूर लावून धंदा होत नाही, यंत्र लावावं लागतं. पन्नास गाई एका वेळी चढणारा, दूध काढायचा फिरता पार्लर, तीनशेच्या वर गाई आणि दोन माणसं. बघायला भारी वाटतं. आपल्याकडे आणायचा विचार डोक्यातून काढून टाका, पंचेचाळीस गाईंना तो फिरवायला लागणारी वीजही सुटणार नाही.

आता 'अमाप संधी'. 2001-02 साली देशाचं दूध 11.3 अब्ज लिटर होतं, आता आठ अब्जांच्या थोडं वर. 1980 साली 22 हजारांच्या आसपास फार्म होते, आता चार हजारांच्या. उरलेले मोठे झाले, फार्ममागे गाई वाढल्या, गाईमागे दूध वर्षाला सहा हजार लिटरच्या पुढे गेलं. बाजार वाढतोय असं म्हणायचं तर तो या उरलेल्यांसाठी. दुधाचा मोठा हिस्सा चीजमध्ये जातो. साधारण तिसरा हिस्सा चीन, जपान, सिंगापूर, इंडोनेशिया, मलेशिया इकडे निर्यात होतो, आणि तरी त्यांच्याच दुकानात न्यूझीलंडचं चीज आणि लोणी येऊन बसलंय. शेवटच्या दिवशीच्या परिसंवादात एका वक्त्याने सांगितलं की भारत-ऑस्ट्रेलिया करारामुळे दुधाचा व्यापार उघडलाय. खोटं. तो करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला आणि दुग्धपदार्थ त्यातून बाहेर ठेवलेले आहेत. यावर पैसे मागणारा कुणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा.

तरण्या पोरांना संधी आहे, ती वेगळी. माणूस मिळत नाही हे प्रत्येक फार्मवर ऐकलं. कामगार, मग मॅनेजर, मग शेअर फार्मर, म्हणजे गाई आणि काम तुमचं, जमीन मालकाची, दुधाच्या बिलात ठरलेला हिस्सा. आपल्या अर्धलीसारखंच, फक्त करार वकिलाकडून लिहून घेतात. पहाटे पाचची धार, पुन्हा दुपारी तीनची, पावसात, एकट्याने, शेजारी दोन किलोमीटरवर. ज्याला गावात करमत नाही म्हणून परदेश हवाय त्याने या वाटेला जाऊ नये.

एक गोष्ट मात्र मी लगेच उचलली. तिकडे चांगल्या गाईंना लिंगनिर्धारित वीर्य, म्हणजे ज्यातून बहुतेक कालवडीच होतात, आणि बाकीच्यांना मांसाच्या जातीचं, म्हणजे जे वासरू होईल त्याला गिऱ्हाईक आहे. दुसरा अर्धा भाग आपल्याकडे 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्याने शक्यच नाही. म्हणूनच पहिला अर्धा आपल्याला जास्त लागतो. गोऱ्हा झाला की पुढे काय, हा प्रश्न माझ्या गोठ्यात दर महिन्याला उभा राहतो.

जाणारच असाल तर ऑक्टोबरात, चौघेजण मिळून, आपले आपण. व्हिसाला आयोजकांनी पस्तीस हजार घेतले. सरकारी फी दोनशे डॉलरच्या आत होती, फॉर्म ऑनलाइन असतो, पोरगी भरून देईल. मेलबर्न ते वॉरनंबूल रेल्वे आहे, साडेतीन तासांच्या पुढे लागतात, आणि मार्च 2023 पासून गावाकडच्या गाड्यांना शहराइतकंच दिवसाचं भाडं, आम्ही गेलो तेव्हा अकरा डॉलरच्या आसपास. आमच्याकडून त्याच अंतराचे गाडीखर्च म्हणून नव्वद घेतले होते. उत्तरेला मात्र स्वतःची गाडी लागते. भाड्याने घेताना एसी चालू करून बघा. अंगणातच, दहा मिनिटं.

प्रवेश शुल्काचे पैसे परत मागायला आम्ही पाच जण गेलो होतो. 'प्रशासकीय खर्च' असं उत्तर मिळालं, पावती अजून नाही. गेल्या आठवड्यात त्यांच्याकडून पुढच्या दौऱ्याचं पत्रक आलं. फोटो तोच, हिरवा. तारीख पाहिली. 9 फेब्रुवारी.