तुम्ही विचारलंत म्हणून: शनिवारी मिशिगनचं काय होणार?

नोव्हेंबर संपत आला की दोन प्रश्न ठरलेले. ऑफिसात नवीन आलेली देशी मुलं विचारतात, मंडळाच्या कार्यक्रमात भेटलेले लोक विचारतात, नाशिकहून मामा तर फोनवर दरवर्षी नव्याने विचारतात: "कॉलेजच्या पोरांची मॅच ना ती? त्यासाठी एवढं काय? आणि यंदा काय होणार?"

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. यंदा बहुतेक आम्ही हरणार.

आम्ही म्हणजे मिशिगन विद्यापीठ, आणि खेळ अमेरिकन फुटबॉल. माझं एमएस इथलंच, आणि नोकरी डेट्रॉइटच्या गाड्यांच्या धंद्यात, त्यामुळे अ‍ॅन आर्बर हे विद्यापीठाचं गाव सुटलंच नाही. समोर ओहायो स्टेट, शेजारच्या ओहायो राज्यातल्या कोलंबस शहराचं विद्यापीठ. शनिवार, 29 नोव्हेंबर 2025, भर दुपारी बारा वाजता, आमच्या मैदानावर. मैदानाची क्षमता 1,07,601. इथल्या लोकांना या सामन्याला वेगळं नाव देण्याची गरज वाटत नाही. नुसतं 'द गेम' म्हणतात, आणि कोणता ते कोणी विचारत नाही.

आता "एवढं काय" याकडे वळते. मराठी माणसाला समजावताना मी सीमाप्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो आपल्याला शिकवावा लागत नाही. 1835 साली टोलिडो शहराच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांवर सशस्त्र पथकं धाडली होती. तेव्हा मिशिगन राज्य नव्हतं, राज्य व्हायला धडपडत होतं. शेवटी टोलिडो ओहायोला गेलं आणि मिशिगनची बोळवण वरच्या द्वीपकल्पावर झाली. 26 जानेवारी 1837 ला मिशिगन राज्य झालं. (हो, 26 जानेवारीच. मामांना ही तारीख फार आवडते.) पुढे त्या द्वीपकल्पात तांबं आणि लोखंड निघालं, म्हणजे सौद्यात आमचं वाईट झालं नाही. पण जमीन गेल्याचा राग खनिजांनी फिटत नाही, हे बेळगावचं नाव ऐकत वाढलेल्याला मी काय सांगणार?

पहिला सामना 1897 चा. 1918 पासून तो दरवर्षी होतो, खंड पडला तो फक्त 2020 मध्ये, करोनामुळे. मधल्या कथा सांगायला बसले तर रात्र पुरायची नाही. 1950 साली कोलंबसला असं हिमवादळ झालं की मिशिगनने एकदाही सलग दहा यार्डांची मजल मारली नाही (चेंडू पुढे न्यायचं अंतर यार्डांत मोजतात), एकही पास हातात पोचवला नाही, आणि तरी 9–3 ने सामना जिंकला. 1973 मध्ये दोन्ही संघ अपराजित, सामना 10–10 बरोबरीत. मग रोझ बोल या मानाच्या सामन्याला कोण जाणार हे आमच्या बिग टेन या विद्यापीठगटातल्या क्रीडासंचालकांच्या मतदानाने ठरलं आणि ओहायोला पाठवलं. आमचे प्रशिक्षक बो शेंबेक्लर यांनी ते कधीच माफ केलं नाही. तेव्हा जन्मलेलेही नव्हते असे लोक इथे त्या मतदानावरून आजही तावातावाने बोलतात.

आमच्या घरात भांडणाला नणंदेचीही जोड आहे. ती ओहायो स्टेटची, कोलंबसलाच राहते. या आठवड्यात त्यांच्या विद्यापीठाच्या आवारात पाट्यांवरच्या प्रत्येक एम या अक्षरावर लाल फुली मारतात. आमच्या मिशिगनचं ते अक्षर ना! नणंदबाईंनी ही प्रथा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणली आणि त्यातला म गाळायला सुरुवात केली. सासूबाई बिचाऱ्या विचारत होत्या, ही मावशीला 'वशी' काय म्हणतेय?

"पण शेवटी कॉलेजची पोरंच ना?" हे आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि यंदा जुलैपासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ शकतात, वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन पुढचं सगळं ठरवणारा, ब्राइस अंडरवूड. अठरा वर्षांचा, पहिल्या वर्षाला, इथून अर्ध्या तासावरच्या बेलव्हिलचा. आधी लुईझियानाला जायचं त्याने जाहीर केलं होतं, ऐन वेळी इकडे वळला. त्यात पैशाचा वाटा नव्हता असं समजण्याइतकी मी भोळी नाही. तरी त्याने चुकीच्या हातात चेंडू दिला की लाखभर माणसं "अरे, लहान आहे" म्हणतात. हे व्यावसायिक खेळात ऐकू येत नाही.

गेल्या वर्षीबद्दल सांगितल्याशिवाय यंदाचं समजणार नाही. 30 नोव्हेंबर 2024, कोलंबस. ओहायो देशात दुसरे, आम्ही सहा जिंकलेले आणि पाच हरलेले. जाणकार म्हणत होते वीसेक गुणांनी हरू. आमच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात पासवर 62 यार्ड काढले, हा आकडा सांगतानाही लाज वाटावी. पण केलेल मलिंग्ज नावाचा आडदांड गडी 32 वेळा चेंडू घेऊन भिंतीत घुसला आणि 116 यार्ड काढून आला. डॉमिनिक झ्वाडाने शेवटच्या मिनिटात चेंडू खांबांमधून मारला. 13–10. त्यानंतर आमच्या पोरांनी त्यांच्या मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायला घेतला, हाणामारी झाली, पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला. झेंड्याचा प्रकार मला आवडला नाही. जिंकलात ना, घरी चला.

गंमत पुढे आहे. आता बारा संघांची बाद फेरी आहे, त्यामुळे एक हार पचते. ओहायो स्टेट तीतून सावरले आणि 20 जानेवारीला नोत्र दामला 34–23 हरवून देशाचे विजेते झाले. नणंदेला मी अभिनंदनाचा फोन केला. ती म्हणाली, "थँक्यू गं, पण त्या तेरा-दहाचं काय?" करंडक कपाटात, आणि ठसठस कायम. मामा, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर यापेक्षा चांगलं मला देता येणार नाही. या सामन्याचा हिशोब बाकी कुठल्याच वहीत मांडला जात नाही. म्हणूनच ओहायोचे प्रशिक्षक रायन डे, देशाचे विजेते असूनही, इथे येताना मिशिगनविरुद्ध एक विजय आणि चार पराभव एवढंच गाठोडं घेऊन येताहेत.

आता शनिवार. ओहायो 11–0, म्हणजे अकरा जिंकलेले आणि एकही न हरलेले, देशात पहिले. अकरा सामन्यांत मिळून त्यांनी 84 गुण दिलेत, एकाही सामन्यात 16 च्या वर नाही. तो बचाव पाहिला की मला पोटात कसंतरी होतं. आम्ही 9–2, ओक्लाहोमाकडून आणि सदर्न कॅलिफोर्नियाकडून हरलेले, आणि दोन्हीकडे गुण तेरा. नॉर्थवेस्टर्नला शेवटच्या किकवर कसंबसं हरवलं.

माझ्या मते सगळं एका गोष्टीवर आहे: जमिनीवरून कोण जास्त पळतं. सलग चार वर्षं आम्ही जिंकलोय आणि चारही वेळा धावून काढलेले यार्ड आमचे जास्त होते. 2021 मध्ये 297 विरुद्ध 64, गेल्या वर्षी 172 विरुद्ध 77. पास म्हणजे टाळ्या, धाव म्हणजे घड्याळ. तुम्ही तीन-चार यार्डांनी कुरतडत राहिलात की वेळ सरत जाते आणि समोरचे जेरेमाया स्मिथसारखे वाऱ्यासारखे गडी बाकावर बसून राहतात. पण यंदा पळणार कोण? जस्टिस हेन्स पायाच्या दुखापतीने बाहेर, जॉर्डन मार्शलचा खांदा दुखावलेला. त्यांच्याकडे स्मिथ पूर्ण तंदुरुस्त आहे का यावर चर्चा चालली आहे. तो अर्ध्या ताकदीनेही खेळला तरी आमच्या मागच्या फळीची तारांबळ उडेल.

बर्फ पडला तर मला थोडी आशा आहे. पास निसटतात, बोटं बधिर होतात. प्रेक्षकांचीही होतात. आमच्या मैदानावर खुर्च्या नाहीत, अ‍ॅल्युमिनियमचे लांब बाक आहेत आणि त्यावर जेमतेम बुडापुरती जागा सोडून आकडे रंगवलेले. जाड कोट घातलेली माणसं त्या मापात बसत नाहीत, म्हणून सगळे उभेच. पिशवी आत नेता येत नाही, तेव्हा जे काही न्यायचं ते अंगावर. मी बुटात गरम होणाऱ्या पुड्या घालते आणि पायाखाली खोक्याचा पुठ्ठा घेते, कारण गारठा वरून कमी आणि सिमेंटमधून जास्त चढतो. सकाळी समोरच्या पायोनियर हायस्कूलच्या आवारात गाडीच्या डिकीवर बटाटेवडे मांडायचे. शेजारच्या गाडीतले ओहायोवाले लाल टोप्या घालून येतात, वडे मागून नेतात आणि वर आम्हाला नावं ठेवतात.

माझा अंदाज: ओहायो स्टेट 24, मिशिगन 13. पहिल्या पंधरा मिनिटांत आम्ही धावून दोनदा पन्नास यार्डांची रेषा ओलांडली, तर हा अंदाज मी तिथेच मोडीत काढीन. नाही ओलांडली, तर नणंदेचा फोन उचलायची तयारी ठेवीन.

मामा, तुमच्याकडे तेव्हा शनिवारी रात्रीचे साडेदहा वाजलेले असतील. सामना साडेतीन तास चालतो, जाहिराती फार. सगळा बघू नका, पहिली पंधरा मिनिटं बघा आणि झोपा.