सव्वा मूठ गहू आणि सकाळची गोळी

शनिवार, श्रावण

नागपंचमी झाली की आमच्याकडे कॅलेंडर बघावं लागत नाही. पुढच्या रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातल्या देवीचा सण. आठवडाभर घर उलटंपालटं झालंय. गोधड्या, चादरी, पडदे, माळ्यावरची पितळी भांडी, सगळं धुऊन झालं. पावसानं जेवढी उघडीप दिली तेवढ्यात गच्चीवर वाळवून, घड्या घालून माय मोकळी. एरवी गुडघे दुखतात म्हणून ती जिना चढत नाही. या आठवड्यात किती वेळा चढली ते मी विचारलं नाही, कारण उत्तर ठरलेलं आहे: "माले काय बी व्हत नही."

तिला व्हायचं ते होतंच. साखर आहे, बीपी आहे. रोज सकाळी नाश्त्याआधी ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन एकत्र असलेली गोळी. आणि उद्या ती देवीचा नैवेद्य होईपर्यंत, म्हणजे दिवेलागणीपर्यंत, अन्नाला शिवणार नाही.

चोपडा गावात माझं मेडिकल आहे, त्यामुळे ही भानगड मला घरापेक्षा काउंटरवर जास्त दिसते. श्रावण सुरू झाला की उपासाची माणसं गोळ्या दोन तऱ्हेनं घेतात. काही जण 'उपास आहे' म्हणून गोळीच बंद ठेवतात. काही जण गोळी न चुकता घेतात आणि जेवत मात्र नाहीत. दुसरी तऱ्हा जास्त घातक. ग्लिमेपिराईड स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेते, पोटात काही आहे की नाही हे ती बघत नाही. मग दरदरून घाम, हातापायांना थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ. घरचे म्हणतात, अंगात आलं.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी मायपुरतं सांगितलं: उद्या सकाळची ती गोळी नको, संध्याकाळी जेवताना साधी मेटफॉर्मिन, दुपारी एकदा साखर तपासा, 70 च्या खाली आली तर उपास तिथंच सोडायचा. मी हे मायला जसंच्या तसं ऐकवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "देवीनं काम शे. तठे डाक्टर काय करी?"

माझं शास्त्र तिथं संपलं. बायकोनं मात्र एका वाक्यात काम केलं: "आई, कानबाई घरात बसलेली आणि तुम्ही चक्कर येऊन पडलात, तर तिला कसं वाटेल?" माय जरा थांबली. मग म्हणाली, दूध उपासाला चालतंच की. ठरलं. दुपारी कपभर दूध, मूठभर शेंगदाणे, आणि बोटातून रक्त काढायचं.

साबुदाण्यावरही बोलून घेतलं. लोकांना वाटतं उपास म्हणजे पोटाला आराम. ताटभर खिचडी म्हणजे शुद्ध पिठूळ पदार्थ, साखर असलेल्याला ती पोळीपेक्षा महाग पडते. त्यापेक्षा मापातली भगर, शेंगदाण्याची आमटी, ताक. हे मी गिऱ्हाइकांना सांगतो तेव्हा ते मान हलवतात आणि बाजूच्या किराणा दुकानातून साबुदाणाच घेतात.

रविवार, रात्री उशिरा

बाकी सगळे झोपले. फक्त बाहेरच्या खोलीत बायकांची गाणी चालू आहेत, ती पहाटेपर्यंत चालतील, म्हणून मी इथं वरच्या खोलीत लिहितोय.

रोटाचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. पुण्याला नोकरी करणाऱ्या पुतण्याच्या नावाची मूठ होती, त्याच्या तीन महिन्यांच्या मुलाचीही होती. माझ्या लेकीनं विचारलं, माझी मूठ कुठंय? माय म्हणाली, तुझी सासरी. लेक म्हणाली, तिथंही पुरुषांचीच घेतात ना? यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते नसणं बरोबर नाही. मायनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि पाखडायला लागली.

दुपारी तीनला मी साखर तपासायचं मशीन घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. चुलीपाशी गंगाफळाची भाजी रटरटत होती, पुरण शिजून वाटायला घेतलं होतं. मायनं मला उंबरठ्यावरच अडवलं. रोटाच्या स्वयंपाकाशेजारी रक्त चालणार नाही. मग आम्ही मागच्या ओट्यावर गेलो. तिनं राखेनं नाही, साबणानं हात धुतले, मीच धुवायला लावले. कारण बोटाला पुरण लागलेलं असेल आणि त्याच बोटाला सुई टोचली, तर पट्टीवर रक्ताबरोबर गूळही चढतो आणि मशीन 300 दाखवतं. अशा आकड्यावरून गोळी वाढवून मागणारी गिऱ्हाइकं मी पाहिलीत. तिनं हात पदराला पुसले नाहीत, वाऱ्यावर वाळवले. सोवळ्याची सवय अशी कामाला आली. करंगळीच्या कडेला टोचलं, थेंब आला, तिनं डोळे मिटले आणि ओठ हलवले. 118.

"बघ," ती म्हणाली. म्हणजे देवीनं केलं. मी म्हणालो, गोळी दिली नाही म्हणून. आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर आहोत असं समजून आत आलो.

संध्याकाळी भाऊबंद जमले. रोट भाऊबंदांतच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. त्यामुळे बांधावरून ज्यांचं बोलणं बंद आहे ते दोघं चुलते एकाच पंगतीला बसतात, दुसरा इलाज नसतो. वर्षातून एकदा तरी एकमेकांना "वाढा, वाढा" म्हणतात. एक चुलतभाऊ, दोन वर्षांपूर्वी बायको गेल्यापासून घरातून निघतच नव्हता. जेवण कमी, झोप कमी, शेत बटाईनं दिलेलं. त्याला कुणी समजवायला गेलं तर दार लावून घ्यायचा. आज आला. आला कारण रोटाला न येणं म्हणजे घराण्यातून बाहेर पडणं. खीर दोनदा घेतली. जाताना माझ्याकडे दंड पुढं करून म्हणाला, जरा बीपी बघ रे, डोकं जड असतं. बघितलं, वाढलेलं आहे. उद्या दवाखान्यात नेतो.

डी. फार्मला असताना जागतिक आरोग्य संघटनेची आरोग्याची व्याख्या पाठ केली होती: केवळ आजार नसणं नव्हे, तर शरीर, मन आणि समाज या तिन्ही अंगांनी नीट असणं. 1948 पासूनची. परीक्षेला दोन गुण. त्यातलं ते 'समाज' काय असतं हे मला पंगतीत कळतं, पुस्तकात कळलं नव्हतं.

सोमवार

सकाळी कानबाई वाजतगाजत नदीवर गेली. पाट सुनेच्या डोक्यावर, माय बाजूनं चालत, मध्येच रस्त्यात फुगडी. एकाहत्तराव्या वर्षी फुगडी! गुडघेदुखीचं मलम उद्या मागेल.

अकराला दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक अडावदकडचं, मांडीला गजकर्ण. म्हणाला, उनपदेवला जाऊन आलो, गरम पाण्यात आंघोळ केली, आता ते नेहमीचं मलम द्या. उनपदेवचे झरे सातपुड्याच्या पायथ्याशी, गोमुखातून गरम पाणी पडतं, चामडीच्या आजारासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं जातात. मी त्याला उनपदेवबद्दल काही म्हणालो नाही. अंग धुतल्यानं कुणाचं काय बिघडणार, फक्त नीट कोरडं करा आणि टॉवेल वेगळा ठेवा. माझं भांडण त्या 'नेहमीच्या मलमा'शी आहे. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर कडक स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. 2018 मध्ये सरकारनं अशी कितीतरी स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी गिऱ्हाईक हट्ट धरतं, कारण त्या ट्यूबवर त्याचा विश्वास बसलाय. मी दिलं नाही. तो समोरच्या गल्लीत गेला असणार.

म्हणून 'अंधश्रद्धा' म्हटलं की लोक फक्त देवळाकडे बोट दाखवतात, हे मला पटत नाही. सलाईन लावल्याशिवाय ताप उतरत नाही, सुई दिली नाही तर डॉक्टर कसला, रंगीत सिरपनं ताकद येते, या श्रद्धांवर आमच्या धंद्याचा किती भाग चालतो ते आम्हाला माहीत आहे. बाटलीवर छापील लेबल असतं एवढाच फरक.

पण सरसकट सगळं सारखंच, असंही नाही. श्रावणात शेतात निंदणी-खुरपणी, केळीच्या बागेत गारवा, साप निघतात. आमच्याकडे वरच्या पाड्यांवर चावलेल्याला आधी भगताकडे न्यायची रीत. भगताचे बरेच लोक बरे होतात, कारण बहुतेक साप बिनविषारी आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असं नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांपैकी कुणी विष सोडलं असेल तर मात्र प्रतिविषाशिवाय मंत्र कामाचा नाही आणि वेळ हाताशी नसतो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे स्पष्ट आहे: साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा. तो कायदा यावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा केला, आणि ऑगस्ट 2013 मध्ये त्यांचा खून झाल्यावर तो आला.

पाड्यावरचा एक भगत महिन्याला माझ्याकडून माय घेते त्याच गोळ्या नेतो. त्यालाही साखर. मी एकदा विचारलं, चावलेला आला तर काय करता? म्हणाला, आधी 108 ला फोन लावायला सांगतो, गाडी येईस्तोवर मंत्र म्हणतो, म्हणजे माणूस पळापळ करत नाही, घाबरत नाही. मी त्यावर दिवसभर विचार करत होतो. चावलेल्याला शांत, न हलता ठेवा, हे तर डॉक्टरही सांगतात.

बुधवार

पावसामुळे दुकानात गर्दी नव्हती, म्हणून मोबाईलवर वाचत बसलो. प्रार्थनेनं आजार बरा होतो का, यावर अमेरिकेत मोठा प्रयोग झाला होता. 2006 साली निकाल आला. बायपास झालेले 1,802 रुग्ण. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होतेय की नाही याची ज्यांना खात्री नव्हती त्यांच्यात फरक पडला नाही: प्रार्थना झालेल्यांत 52 टक्के, न झालेल्यांत 51 टक्के जणांना गुंतागुंत झाली. ज्यांना 'तुमच्यासाठी प्रार्थना चालू आहे' असं सांगितलं होतं, त्यांच्यात ती 59 टक्क्यांवर गेली. मायला हे सांगितलं. ती म्हणाली, अनोळखी माणसानं कशाला कुणासाठी मागायचं, घरच्यांनी मागावं. आणि आपण तरी कुठं मागतो, आपण नुसतं नाव घेतो.

यातलं शेवटचं मला महत्त्वाचं वाटलं. कारण इटलीतल्या संशोधकांचा 2001 चा दुसरा एक प्रयोग आहे, 23 निरोगी माणसांवरचा. जपमाळेची लॅटिन प्रार्थना किंवा 'ओम मणि पद्मे' म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि त्या लयीत हृदयाचं, रक्तदाबाचं नियमन सुधारतं. देव कोणता, भाषा कोणती, फरक नाही. तेवीस म्हणजे फार थोडी माणसं, त्यावर इमला रचू नये. पण संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसलेल्या बायका मी पाहतो. ओळ संपेपर्यंत श्वास सोडायचा, टाळावर घ्यायचा. घरी 'दीर्घ श्वसन करा' म्हणून कागद दिला तर यातली एकही बाई करणार नाही.

देवाला मी अजून भेटलेलो नाही, त्यामुळे तो काय करतो यावर बोलत नाही. पण देवापायी माय जे करते ते मला रोज दिसतं: पहाटे उठते, चालत देवळात जाते, चार जणींत बसते, कुणी आली नाही तर घरी जाऊन बघते. त्याच देवापायी ती गोळी खाऊन उपाशीही राहू शकते. शरीराला दोन्ही पोचतं.

ती आज स्वतःच म्हणाली, हरिपाठाला येणाऱ्या सगळ्याजणींचं बीपी बघ, त्या चुलतभावाचं बघितलं तसं. महिन्यातून एका गुरुवारी, देवळाच्या ओसरीवर. मी म्हणालो, हरिपाठाच्या आधी बघू. नंतर बघितलं तर सगळ्यांचं खाली आलेलं दिसेल आणि बाया खूश होऊन गोळ्या सोडतील. शिवाय पायऱ्या चढून आल्या-आल्या नाही, पाच मिनिटं टेकून बसल्यावर. तिला हे पटलं नाही. आधी देवाचं, मग दंडाचं. अजून वाद चालू आहे. तोवर उद्या दुकानातून मोठ्या मापाचा पट्टा घ्यायचा लक्षात ठेवायला हवं. दोन-तीन काकूंच्या दंडाला नेहमीचा पुरत नाही, आणि तो ओढूनताणून बांधला की बीपी उगाच जास्त दाखवतं.